सुकदेव नाना आणि वारा

आमच्या शेजारचे सुकदेव नाना वाऱ्याशी भांडत. वाऱ्यावरून बायकोशी किंवा शेजाऱ्याशी नव्हे, खुद्द वाऱ्याशी. वैशाखात दुपार कलली, पांझरेच्या पात्रातली वाळू उठून देवपुराकडे यायला लागली, की नाना कमरेचं धोतर आवळून अंगणात उभे राहत आणि सुरू करत.

"ये, मी आठे शे. कोठे चालना तू? मन्हा घरमा तुन्हं काय काम शे? जाय, पांझरामा उडी मार. मी आठेच शे, समजनं का?"

वारा पडेपर्यंत हे 'मी इथेच आहे' चालायचं. कधी घटकाभर, कधी दिवेलागणीपर्यंत. नानांचा आवाज असा, की पुलापलीकडे धुळे गावातही ऐकू जातो असं आमच्या गल्लीतले लोक म्हणत. गल्लीला त्याची इतकी सवय झाली होती, की नानांचं पहिलं वाक्य ऐकलं की बायका वाळवणं उचलायला धावत.

नाना धुळ्याच्या एका कापडगिरणीत साळखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणतात तिथे, जॉबर म्हणजे मुकादम होते. मी त्याच गिरणीच्या कचेरीत इंग्रजी पत्रं लिहिणारा कारकून. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी देवपुरात बिऱ्हाड केलं, ते नेमकं नानांच्या भिंतीला भिंत लागून. पहिल्याच दिवशी ते येऊन आमचं सामान तपासून गेले. कॅलेंडरच्या खालच्या टोकाला खिळा ठोकून दिला. "वरतीन एक खिया पुरत नही भाऊ, खालतीन वारा घुसस," असं सांगून गेले. खिया म्हणजे खिळा हे कळायला मला थोडा वेळ लागला.

त्यांच्या घरात कुठलीही वस्तू मोकळी नसे. दोरीवरच्या कपड्यांना गाठी मारलेल्या, त्यामुळे धोतरं चुरगळलेलीच असत. एकदा त्यांच्याकडे सत्यनारायण झाला. बाहेर प्रत्येक पाहुण्याच्या चपलांवर एकेक धोंडा ठेवलेला होता. आत प्रसादाच्या द्रोणावर खडा, आणि भटजींच्या पोथीच्या दोन्ही अंगांना वरवंट्याएवढाले दगड. भटजींना पान उलटायचं म्हटलं की आधी दगड उचलावा लागे. पुढच्या वर्षी ते आले नाहीत.

स्वतः नाना काळी टोपी घालत आणि तिला दोन बाजूंनी दोरी लावून ती हनुवटीखाली बांधत. गिरणीतली पोरंसोरं हसत, पण तोंडावर नाही. एक तर नाना जॉबर, आणि दुसरं म्हणजे साळखात्याला वारा खरोखरच नको असतो. कोरडा वारा आत शिरला की सूत तटातट तुटतं. नानांच्या खात्यात एक खिडकी उघडी सापडत नसे आणि सूत सगळ्यांत कमी तुटे. मालक खूश होते.

नाना फारसं बोलत नसत. बोलले तर शेवटी दोन शब्द ठरलेले. "ठरी गयं." म्हणजे ठरलं. हे दोन शब्द एकदा उच्चारले की पुढे वाद नाही. त्यांच्या पत्नी सीताअक्का उंच, सडसडीत आणि अबोल. उन्हाळ्यात तर त्या उंबऱ्याबाहेर दिसतच नसत. नवऱ्याच्या आरडाओरड्याची लाज वाटते म्हणून बिचारी आत बसते, असा आम्ही सगळ्यांनी अर्थ लावला होता. मूलबाळ नव्हतं.

मग मालकांनी जपानहून नवे माग आणायचं ठरवलं. ते आपोआप चालणारे, धोटासुद्धा आपणच बदलणारे. ते बघून, शिकून यायला दोन माणसं पाठवायची होती. मागातलं कळणारा म्हणून नाना आणि इंग्रजी कळणारा म्हणून मी. मी त्या रात्री झोपलो नाही. नानांनी मात्र गिरणीच्या साहेबांना एकच गोष्ट विचारली.

"जानं कव्हय, येनं कव्हय?"

"आषाढात निघायचं. दिवाळीला परत."

नानांनी बोटांवर महिने मोजले. "मंग चालस. वैशाख-जेठमा मी कोठेच जात नही. ठरी गयं."

निघायच्या आधी अमळनेरहून अक्कांची धाकटी बहीण वच्छीमावशी राहायला आली. नानांनी तिला अंगणात उभं केलं आणि वाऱ्याला शिव्या कशा द्यायच्या ते शिकवलं. आम्ही खिडकीतून बघत होतो.

"मी आठे शे, असं म्हन."

"मी आठे शे," मावशी लाजत म्हणाली.

"आखो जोरमा. हाई काय देवघरमा बोलनं शे?"

मावशी ओरडली. नाना आत जाऊन बसले आणि तिला पुन्हा ओरडायला लावलं. आतून त्यांचा आवाज आला, "ऐकू येस. ठरी गयं." आमची हसून हसून मुरकुंडी वळली. नाना बाहेर आले तेव्हा त्यांनी आमच्या खिडकीकडे एकदा पाहिलं.

बोटीवर मला वाटलं, आता या माणसाचं कसं होणार. समुद्रावर वाऱ्याशिवाय दुसरं आहे काय? मी तर दुसऱ्या दिवसापासून आडवाच झालो. नाना मात्र डेकवर हात जोडून उभे. इथे का भांडत नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "आठे त्यान्हं राज्य शे. आपन पाहुना."

जपानातल्या कारखान्यात आमचं बरं चाललं होतं. नाना माळकरी. त्यामुळे जेवायला भात, लोणचं आणि वाटीभर काळसर गरम पाणी, ज्याला नाना कढी म्हणत. सोबत आणलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे जाड पापड, ते वसतिगृहाच्या शेगडीवर भाजत आणि चटणीचा डबा उशाशी ठेवत. आमच्याबरोबर मोरी नावाचा एक तरुण दुभाष्या दिला होता. त्याचं इंग्रजी मला कळे, माझं मराठी नानांना कळे, आणि नानांचं बोलणं उलट जाताना निम्मं वाटेत सांडे. तरी दोघांचं जमलं. नाना मागाजवळ उभे राहत, कान लावत, आणि कुठला भाग आधी झिजणार ते हात लावून दाखवत. मोरी मान डोलावून लिहून घेई.

एकच गोष्ट माझ्या लक्षात येई. वारा सुटला, की नानांचं कामावरून चित्त उडे. "घरकडे वारा व्हई का भाऊ?" असं ते विचारत. मी म्हणे, नाना, आता घरी श्रावण चालू आहे, पावसाची झड असेल, वारा कुठला? तेवढ्यापुरते पुन्हा मागाकडे वळत.

भादव्याच्या तोंडावर मोरी म्हणाला, की तो सुट्टीवर गावी चालला आहे. डोंगरातलं गाव. शरद ऋतू लागतो तेव्हा तिथे मोठे वारे येतात आणि ओंबीला आलेला भात आडवा करतात. म्हणून त्याच दिवसांत सगळं गाव रस्त्यावर उतरून नाचतं, वाऱ्यानं पिकाला हात न लावता निघून जावं म्हणून.

मी हे नानांना सांगितलं. नाना बिबडी भाजत होते. ती जळली.

"वारासाठे नाचतस? त्याले सांगतस?"

"हो, म्हणतो खरं."

"वरडतस का?"

मी मोरीला विचारलं. मोरी म्हणाला, छे, ओरडत नाहीत. फार हळू गातात, फार हळू नाचतात.

नानांनी जळलेली बिबडी शेगडीवरून उचलली. मग म्हणाले, "माले तठे जानं शे. ठरी गयं."

ठरलं खरं, पण कारखान्याच्या साहेबांना कोण सांगणार? पाहुण्यांना असं कुठे सोडायची पद्धत नव्हती. मोरी तर घाबरूनच गेला. साहेब म्हणजे बारीक तारेच्या काड्यांचा चष्मा लावलेला, हसू माहीत नसलेला गृहस्थ. मी इंग्रजीत अर्ज लिहू लागलो. नाना म्हणाले, कागद नको. मला आणि मोरीला मागे घेऊन सरळ साहेबांच्या खोलीत शिरले, टेबलावरच्या कागदांवरचा काचेचा गोळा उचलला आणि खिडकी उघडली. कागद खोलीभर उडाले. साहेब उभे राहिले. नानांनी शांतपणे खिडकी लावली, एकेक कागद गोळा करून जागेवर ठेवला, वर गोळा ठेवला, हात जोडले आणि मग मोरीकडे बोट दाखवलं.

मोरीने चाचरत गावच्या वाऱ्याचं आणि नाचाचं सांगितलं. साहेब कागदांकडे बघत राहिले. मग मोरीशी काहीतरी दोन वाक्यं बोलले. बाहेर आल्यावर मोरी म्हणाला, "जा म्हणाले. आणि विचारत होते, हे गृहस्थ शेतकरी आहेत का?"

नाना शेतकरीच होते. चोपड्याजवळ तापीकाठी त्यांची केळी होती, हे मला मोरीच्या गावी जाताना आगगाडीत कळलं. इतकी वर्षं शेजारी राहून मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. "वारा आना की केळ पहिले पडस," एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर पिवळी पडत चाललेली भाताची खाचरं होती.

मोरीचं गाव चढावर वसलेलं. अरुंद रस्ता, दोन्हीकडे लाकडी घरं, रस्त्याच्या कडेने वाहत्या पाण्याचा पाट. मोरीच्या म्हाताऱ्या आत्याच्या घरी आम्ही उतरलो. आणि पाऊस लागला.

पाऊस असला की नाच नाही. त्यांच्याकडे सारंगीसारखं एक वाद्य असतं, त्याला पाणी चालत नाही. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी म्हणालो, नाना, परत जाऊ. मोरीही म्हणाला, यंदा नशीब नाही. नाना दारात बसून आभाळाकडे बघत होते. "तो थांबी. मी बशेल शे." आत्याबाई त्यांच्यापुढे चहा ठेवून जात. त्यांनी नानांकडून बिबडी घेऊन खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत चटणीही खाल्ली. त्यानंतर दोघांची मैत्री झाली. दोघं आपापल्या भाषेत बोलत आणि कोणीही दुभाष्याला हाक मारत नसे.

शेवटच्या दिवशी दुपारनंतर उघडलं. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला कागदी कंदील लागले आणि वरच्या अंगाने नाच येऊ लागला.

मला वाटलं होतं, ढोल असतील, लेझमीसारखं काही असेल. तसं काहीच नव्हतं. बायका-पुरुष रांगेने येत होते, इतके सावकाश की चालत आहेत की नाचत आहेत कळू नये. हात वर जात, वळत, जसं काही बी टाकावं, मग दोन्ही हातांनी ओंबी बाजूला सारावी. गाणं तर जवळ आल्यावरच ऐकू येई. प्रत्येकाच्या डोक्यावर गवताची वाकवलेली टोपी, डोळे झाकणारी. आणि ती हनुवटीखाली दोरीने बांधलेली.

नानांनी माझा दंड धरला. "भाऊ, पाहा. बठ्ठा गाव टोपीले दोरी बांधस." मग आपल्या टोपीची गाठ पुन्हा घट्ट केली आणि मला काही कळायच्या आत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. धोतर, काळा कोट, काळी टोपी. मोरी घाबरून पुढे झाला, पण रांगेतच असलेल्या आत्याबाईंनी त्याला हाताने मागे सारलं आणि नानांच्या पुढची जागा घेतली.

पहिल्यांदा नानांचे हात मागाच्या दांड्यासारखे वरखाली होत होते. बघणारी माणसं तोंडावर हात धरत होती. नाना ढळले नाहीत. आत्याबाई वळून त्यांचं मनगट धरत, कोपर खाली दाबत, पुन्हा पुढे होत. अर्धा रस्ता उतरेपर्यंत नानांचे हात वळू लागले. बी टाकायची खूण तर त्यांना आधीच येत होती.

मग वारा आला. डोंगरावरून एकदम उतरला. कंदील हलले, एक-दोन विझले, घरांच्या फळ्या वाजल्या. नाना जागच्या जागी थांबले. त्यांचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता ओरडणार. भोवती सगळे तसेच नाचत होते. गाणं वाऱ्यात ऐकू येईनासं झालं होतं, तरी कोणाचा हात थांबला नव्हता. आपल्या पुढच्या माणसाचा हात बघायचा आणि आपला उचलायचा. नानांनी तोंड मिटलं. रांगेतून बाहेर आले आणि पाटाच्या कडेला बसले. आत्याबाईही त्यांच्यामागे रांग सोडून आल्या.

मी जवळ गेलो. त्यांनी आत्याबाईंना विचारायला सांगितलं, की वारा इतका आला तरी तुम्ही हळूच का गाता? आत्याबाई मोरीला काहीतरी म्हणाल्या आणि हसल्या. मोरीनं सांगितलं, "त्या म्हणतात, तीन दिवस गायचं असतं. ओरडलं तर पहिल्याच दिवशी गळा जातो."

"बराबर बोलनी," नाना म्हणाले. मग माझ्याकडे न बघता सांगू लागले.

चोपड्याकडचं त्यांचं घर मातीचं होतं. लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील. जेठात वादळ उठलं तेव्हा नाना केळीत होते. घराकडे पळत आले तर भिंत बसलेली, वर धाब्याचं मातीचं छप्पर कोसळलेलं. त्यांनी अक्कांना हाका मारल्या. उत्तर नाही. पाण्याला गेली असेल म्हणून नदीकडे पळाले, तिथे शोधलं, शेजारच्या मळ्यांत शोधलं. अक्का भिंतीखालीच होत्या. तोंडात माती गेलेली, बोलता येईना. नाना डोक्याशी उभे राहून हाका मारत होते ते त्यांना ऐकू आलं होतं. मग हाका थांबल्या आणि पावलं लांब गेली, तेही ऐकू आलं होतं. दिवस मावळताना त्यांना बाहेर काढलं. हाडं जुळली. पण नंतर वारा सुटला की अक्कांना काही सुचेना, श्वास पुरेना.

"तिले वाटस, मी गया," नाना म्हणाले. "म्हनीसन मी वरडस. मी आठे शे, मी आठे शे. मन्हा आवाज ऐकू आना की ती श्वास लेस. लोके हासतस ते हासू द्या."

म्हणून त्यांनी केळी भावाला दिली आणि पक्क्या विटांचं घर बघून देवपुरात आले. म्हणून वैशाख-जेठात ते कुठे जात नसत. आणि गेल्या उन्हाळ्यात मोठं वादळ झालं, तेव्हा ओरडता ओरडता त्यांचा आवाज बसला होता. घशातून नुसती हवा निघत होती. वारा चालू होता आणि आत अक्का एकट्या होत्या, असं ते म्हणाले. नाना त्यांच्या शेजारी बसले होते, तरी एकट्याच.

"तिले हातबी लायेल कयत नही तव्हय. डोया मात्र उघडा ऱ्हातस." हात लावलेलाही कळत नाही, डोळे मात्र उघडे असतात. नानांनी उठून धोतर झटकलं. "हाऊ नाच माले पुरा शिकना शे. ठरी गयं."

आणि ते पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले.

दिवाळीला आम्ही परत आलो. नव्या मागांबद्दल गिरणीत आमचं कौतुक झालं. नानांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. रोज कामावरून आले, हातपाय धुतले, की अंगणात त्यांचा नाच सुरू होई. गल्लीत पुन्हा हशा. अक्का दारातून म्हणत, "या वयमा काय हाई? लोके काय म्हनतीन?" नाना म्हणत, "लोके म्हनतीन ते म्हनतीन. तू पाह्य." अक्का बघत नसत. कधी चुलीकडे तोंड करून बसत, कधी भाकरी थापत राहत. हिवाळाभर हे चाललं. मी एकदा माझ्या बायकोला म्हणालो, हा माणूस उगीच शिणतो आहे. मला तसंच वाटत होतं.

वैशाखात पहिला मोठा वारा उठला त्या दिवशी मी घरी होतो. वाळू खिडकीवर आपटू लागली. माझी बायको नेहमीसारखी वाळवण उचलायला गेली नाही, कारण शेजारून आवाजच आला नाही. पापड उडाले. मला भीती वाटली, नानांचा गळा पुन्हा गेला की काय. मी डोक्याला पंचा गुंडाळून त्यांच्या घरी पळालो. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत अक्का खाटेवर बसल्या होत्या. दोन्ही हातांनी खाटेची कड धरलेली, बोटं पांढरी पडलेली. पत्र्यावर, कौलांवर एवढा आवाज चालला होता, की मी हाक मारली ती मलाच ऐकू आली नाही. त्यांच्या समोर, हाताभर अंतरावर, नाना नाचत होते. टोपीची दोरी बांधून, अगदी सावकाश. तोंड मिटलेलं. बी टाकत होते, ओंबी बाजूला सारत होते, एक पाऊल मागे, पुन्हा पुढे. अक्कांचे डोळे त्यांच्या हातांवर होते. हात डावीकडे गेले की डोळे डावीकडे जात.

मी दाराशीच थांबलो. किती वेळ गेला कोण जाणे. वाऱ्याचा एक झोत ओसरला, दुसरा यायचा होता, तेवढ्या शांततेत अक्का बोलल्या. घोगरा, खोल आवाज.

"हात चुकना तुमना."

नाना थांबले.

"डावा हात मांगे ल्या. रोज मांगे लेतस. आज इसरनात."

म्हणजे हिवाळाभर त्या भाकरी थापत नव्हत्या, बघत होत्या. नानांनी डावा हात मागे घेतला. अक्कांनी मान हलवली. "असा नही," म्हणाल्या, आणि उठून उभ्या राहिल्या. एका हाताने खाट धरलेलीच होती, दुसऱ्याने त्यांनी हात कसा वळवायचा ते दाखवलं. पुढचा झोत आला. कौलं वाजली. अक्कांनी डोळे नानांवरून काढले नाहीत.

त्यानंतरची खूण ओंबी बाजूला सारायची होती. ती दोन्ही हातांनी करावी लागते.